रेवदंड्याचा कोट रिकामा करू नका

रेवदंड्याच्या किल्ल्याविषयी माझं मत बरीच वर्षं ठाम होतं. कोटाच्या आतल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आणि घरं हलवावीत, झाडी साफ करावी, हिरवळ लावावी, दारावर तिकीट ठेवावं. अलिबागला येणारे पाहुणे समुद्रात डुंबून, मासळी खाऊन परत जातात. किल्ला नीट दिसला तर चार घटका तिथेही थांबतील, असा माझा हिशेब होता.

या मताला आधार नव्हता असं नाही. पोर्तुगीजांनी निजामशाहीच्या परवानगीने इथे बस्तान बसवलं. पुढे १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीच्या फौजेने घातलेला मोठा वेढा त्यांनी परतवला, आणि वसई पडल्यावर १७४० मध्ये चौल-रेवदंडा मराठ्यांकडे आलं. एवढा इतिहास घडलेल्या जागी दोरीवर कुणाचे तरी कपडे वाळत असलेले पाहिले की माझं डोकं फिरायचं.

माझं मत बदलायला सुरुवात झाली ती एका वाडीत. सुपारीच्या हंगामात वाडीच्या मालकांनी आत बोलावलं. समोर जुन्या इमारतीची कमान होती, कडेच्या दगडांवर नक्षी अजून शाबूत. कमानीखाली नारळाची सोडणं आणि झावळ्या रचलेल्या, पुढच्या अंगणात सुपारी वाळत घातलेली. मी भिंतीकडे बघतोय हे पाहून काका म्हणाले, दर पावसाळ्यानंतर सांध्यांत पिंपळ रुजतो, तो आम्हीच उपटतो. जिथे वस्ती नाही, तिथे काय होतं ते तटावर दिसतंच: मुळं मनगटाएवढी झाली आहेत आणि चिरे सुटले आहेत.

मग खाडीपलीकडचा कोर्लई मला वेगळा दिसू लागला. पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये जिंकलेला हा किल्ला आज ओस आहे. वरून कुंडलिकेचं मुख आणि दोन्हीकडचा समुद्र पाहावा, असा देखणा. पण पोर्तुगीजांचं जे खरोखर जिवंत राहिलं, ते गडावर नाही, खालच्या गावात आहे. तिथला ख्रिस्ती समाज पोर्तुगीजपासून घडलेली स्वतःची बोली आजही घरात बोलतो. रोज वापरात राहिली म्हणून ती टिकली.

चौल बंदराचा सगळा इतिहासच वस्तीचा आहे. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात त्याचं नाव येतं. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन इथेच उतरला. बेने इस्राएलांचं सिनेगॉग रेवदंड्यात आहे, चौलात रामेश्वराचं देऊळ आहे. माणसं हटवून फक्त भिंती ठेवल्या, तर यातलं काय कळणार?

वाडीवाल्यांचं सगळंच बरोबर, असं मात्र मी म्हणणार नाही. कोटाचे दगड कुंपणाच्या गडग्यात गेलेलेही मी पाहिले आहेत. ते थांबायला हवं.

आता कुणी विचारलं, तर सांगतो: मांडव्याला बोटीने उतरा, अलिबागहून एसटी पकडा. ओहोटीची वेळ विचारून घ्या, म्हणजे काळसर वाळूवरून तटाच्या बाहेरच्या अंगाने चालता येईल. सातखणी मनोरा पाहा. त्याचे सातही खण आज उरलेले नाहीत, पण पायथ्याशी तोफा पडलेल्या दिसतील. वाडीत शिरण्याआधी हाक मारा. पूल ओलांडून कोर्लईला जायचं तर उन्हं उतरल्यावर.

हिरवळीचा आणि तिकिटाचा हट्ट मी सोडला आहे. पिंपळाच्या मुळांचा बंदोबस्त मात्र जाणकारांच्या देखरेखीखाली व्हायलाच हवा, आणि वाडीवाल्यांना सोबत घेऊन केला तरच तो दरवर्षी होत राहील.