मौनाचे अपवाद

नाशिक

चि. मनू,

तुझं पत्र पोचलं. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात तुझं नाव लागलं हे वाचून बरं वाटलं. शेवटी तू विचारलंयस, ‘आत्या, इतके दिवस गप्प बसल्यावर आतून खरंच काही कळतं, की लोक आपलं सांगतात?’ फोनवर या प्रश्नाची दोन वाक्यांत बोळवण झाली असती, म्हणून लिहायला बसले.

कळतं. पण आधी जे कळतं ते काही फार देखणं नसतं. तिथल्या धम्मगिरी केंद्रात पहाटे चारला घंटा होते, साडेचारला ध्यान सुरू. मोबाइल, पुस्तकं, वही-पेन आधीच जमा केलेलं. खाणाखुणा करायच्या नाहीत, नजरानजरसुद्धा टाळायची. पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांशी आत-बाहेर करणारा श्वास पाहायचा. तुला वाटेल, तोंड मिटलं की मन शांत होईल. उलट होतं. जुनी भांडणं उकरली जातात आणि या खेपेला प्रत्येक भांडण आपणच जिंकतो. ज्यांना आपण केव्हाच माफ केलंय असं समजत होतो, ती माणसं रांगेनं उभी राहतात. मध्येच साबणाच्या जाहिरातीचं गाणं. एरवी हे सगळं आपण बोलण्याखाली झाकून ठेवतो.

मग हळूहळू एक गोष्ट ध्यानात येते. समोरचा बोलत असतो तेव्हा आपण बहुतेक वेळा ऐकत नसतो, उत्तर जुळवत असतो. कुणालाच उत्तर द्यायचं नाही असं ठरल्यावर ते जुळवणं कामाविना पडतं. मन दोन-तीन दिवस सवयीनं उत्तरं तयार करत राहतं, आणि ती कुणी मागत नाही म्हटल्यावर थोडं थकतं. मौनाचा पहिला लाभ मला विचारशील तर हा थकवा.

चौथ्या दिवसापासून सगळ्या शरीरावरून लक्ष फिरवत संवेदना पाहायच्या. दिवसातून तीनदा तासभर आसन न बदलता बसायचं, त्याला तिथं अधिष्ठान म्हणतात. मांडी ठणकायला लागते. ठणका वाढतो, जागा बदलतो, कधी विरतोही. ही साधना शिकवणारे सत्यनारायण गोएंका सांगायचे ते इथं पटतं: आपण चिडतो ते माणसावर किंवा प्रसंगावर नव्हे, त्यानं अंगात जी संवेदना उठते तिच्यावर. ती उठली आणि आपण उसळलो, या दोहोंमध्ये क्षणभराची फट असते. मला आतलं शहाणपण म्हणून जे काही भेटलं ते त्या फटीत. दिव्य प्रकाश बिकाश दिसला नाही. तुला दिसला तर दिसू दे, पण त्याची वाट बघत बसू नकोस. आणि एक गंमत सांगते. मौनाच्या त्या शिबिरात रोज संध्याकाळी प्रवचन असतं. ब्रह्मदेशात वाढलेल्या, अर्धशिशीच्या त्रासापायी ध्यानगुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेलेल्या व्यापारी गोएंकांचा आवाज. ते 2013 मध्ये गेले, पण ध्वनिमुद्रित आवाज अजून शिकवतो. म्हणजे तिथं बोलणं बंद असतं, ऐकणं नव्हे.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. कुठल्याही मौनाची पारख करायची असेल तर ते किती दिवसांचं आहे हे विचारू नये. त्याला अपवाद कोणते ठेवलेत ते बघावं.

तुमच्या शिबिराचंच घे. साधकांनी आपसांत बोलायचं नाही, पण साधनेची अडचण आचार्यांना विचारता येते, आणि खाण्या-राहण्याचं, तब्येतीचं तिथल्या स्वयंसेवकांना, म्हणजे धम्मसेवकांना, सांगता येतं. ही सवलत दुबळ्यांसाठी नाही. मौनाची रचनाच तशी आहे. बडबड थांबावी, पण गरज तुंबून राहू नये.

गांधीजींचं सोमवारचं मौन तुला माहीतच आहे. त्याची सुरुवात काही मोठ्या आध्यात्मिक संकल्पातून झाली नव्हती. माणसांच्या गर्दीनं ते पिचून गेले होते, थोडी उसंत हवी होती, साचलेली पत्रं लिहायची होती. त्यातलं अध्यात्म त्यांना मागाहून सापडलं. या मौनाला त्यांनी दोन अपवाद ठेवले होते: तातडीच्या कामासाठी मोठ्या अधिकाऱ्याशी बोलणं आणि आजाऱ्याची विचारपूस. 2 जून 1947 हा सोमवार होता. माउंटबॅटन यांनी त्या सकाळी नेत्यांपुढे फाळणीची योजना ठेवली आणि दुपारी गांधीजी त्यांना भेटले. समोर व्हाइसरॉय आणि विषय देशाच्या तुकड्यांचा. पहिला अपवाद लागू व्हायला आणखी काय हवं होतं? तरी ते बोलले नाहीत. जुन्या पाकिटांच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून दिलं. आपण मौनाला दोन अपवाद ठेवलेत हे लिहिलं, आणि मी ते मोडावं अशी तुमची इच्छा नाही हे मला ठाऊक आहे, असंही लिहिलं. त्याच पाकिटांवर सरहद्द प्रांताचे नेते बादशहा खान यांचं मागणंही पोचवलं, तिथल्या गव्हर्नरला हटवण्याचं. म्हणजे दुसऱ्याचं काम थांबवलं नाही, स्वतःचा युक्तिवाद तेवढा थांबवला. ऐकायची इच्छा नसलेल्या कानांपुढे शब्द खर्च करायचा नाही, एवढा विवेक त्या मौनात होता असं मला वाटतं.

दुसरं उदाहरण आपल्या नगरजवळचं. मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 रोजी मेहेराबादला मौन घेतलं आणि 31 जानेवारी 1969 ला देह ठेवेपर्यंत ते पाळलं. पण म्हणून ते गुहेत जाऊन बसले नाहीत. अक्षरांच्या फळीवर बोट फिरवून ते शब्द जुळवत, थट्टा करत, आश्रमाची कामं बघत. 1954 मध्ये फळीही सोडली आणि हातांच्या खुणांवर आले. त्या खुणा जवळचे शिष्य मोठ्यानं वाचून दाखवत. मौन म्हणजे माणसांपासून फारकत, असं कुणी सांगितलं तर मेहेराबादची ही फळी आठव.

आणि मौनाचा धोका बघायचा असेल तर पवनारला विनोबांच्या आश्रमात जावं लागतं. विनोबांनी 25 डिसेंबर 1974 पासून वर्षभराचं मौन घेतलं. ते चालू असतानाच आणीबाणी आली. त्यांनी लिहून दिलेले ‘अनुशासन पर्व’ हे दोनच शब्द सरकारनं उचलले आणि देशभर झळकवले. मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की अनुशासन आचार्यांचं असतं, सत्तेचं तर शासन असतं. पण मधल्या काळात त्या दोन शब्दांचा अर्थ दुसऱ्यांनीच लावून टाकला होता. गप्प माणसाच्या शब्दाला वजन फार येतं, पण त्या वजनाचा ताबा त्याच्याकडे राहतोच असं नाही. पुण्याला परतल्यावर हे विसरू नकोस. ऑफिसात कुणावर अन्याय होताना ‘मी आता साधना करते’ म्हणून गप्प राहिलीस, तर तुझ्या गप्प राहण्याचा अर्थ वरचे लोक त्यांच्या सोयीनं लावतील.

आपल्या घरातल्या बायकांचं मी मुद्दाम वेगळं सांगते. तुझी पणजी सासऱ्यांपुढे आयुष्यात कधी तोंड वर करून बोलली नाही, याचं आपल्याकडे कौतुक होतं. त्याला मी मौन म्हणणार नाही. तिला बोलायची मुभाच नव्हती. ज्याला बोलता येतं आणि ज्याचं ऐकलं जातं, त्यानंच मौन घ्यावं. तू ते घेऊ शकतेस, कारण तुझ्या आईनं भांडून तुला बोलायला शिकवलं. दहा दिवस बसताना तिचीही आठवण ठेव.

देवापर्यंत जायला गप्पच बसावं लागतं असंही नाही. आपली वारी तर टाळ-मृदंगाच्या गजरात पंढरपूरला पोचते. तिथं हजारो कंठ एकच नाव घेतात आणि त्यात ‘मी’चा आवाज विरतो. इगतपुरीला तो दुसऱ्या रीतीनं विरतो, इतकंच. तुला जी रीत मानवेल ती तुझी.

आता व्यवहाराचं. शिबिराच्या अर्जात मनाच्या आजारांबद्दल आणि औषधांबद्दल विचारतात. मागच्या वर्षीच्या गोळ्यांचं त्यात लिहिलं नसशील तर आजच कळव. लपवून जाऊ नकोस. आत काही फार असह्य झालं तर आचार्यांना लगेच सांग, मौन मोडलं म्हणून खंत करू नकोस. पावसाळ्यात इगतपुरीला कपडे वाळत नाहीत, दोन जोड जास्त ने. दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटतं आणि सगळा परिसर एकदम बोलायला लागतो. त्या वेळी आपले अनुभव दुसऱ्यांच्या अनुभवांशी ताडून बघायच्या फंदात पडू नकोस.

आणि निघण्याआधी केंद्राच्या कार्यालयाचा नंबर दादाला देऊन ठेव. अडीनडीला घरचा निरोप ते आत पोचवतात. त्याच्या रक्तदाबाचं तुला माहीत आहे. त्याला काही झालं, तर दहा दिवस पूर्ण करायचा हट्ट धरू नकोस. ऊठ आणि ये.

तुझी,
आत्या