बेडकाची टकटक आणि कुत्र्याची शिकवणी

जत्रेत पत्र्याचा बेडूक मिळतो. पोटाखालची पट्टी दाबली की टक्-टक् वाजतो आणि घरातल्या मोठ्यांचं डोकं उठवतो. असंच एक टकटकणारं खेळणं वापरून कुत्र्याला शिकवता येईल, असं बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं. आजचा प्लास्टिकचा क्लिकर त्याच खेळण्याचा वंशज.

तो हातात आला की बरेच मालक कुत्र्याला बोलावण्यासाठी वाजवत सुटतात. पण क्लिक म्हणजे हाक नव्हे आणि हुकूमही नव्हे. कबड्डीतल्या पंचाच्या शिट्टीसारखा तो एक क्षण नक्की करतो: आत्ता जे केलंस ते बरोबर, खाऊ येतोय.

एवढ्या नेमकेपणाची गरज का पडते? घरोघरी काय चालतं ते पाहा. मालक ‘सिट, सिट, सिट’ करत राहतो. शेवटी कुत्रा बसतो. मालक खुशीत ‘शाब्बास’ म्हणत खिसा चाचपतो, तोवर कुत्रा उठून अंगावर उडी घेतो आणि बिस्किट नेमकं तेव्हाच त्याच्या तोंडात पडतं. उडी मारली की बिस्किट, हा धडा तो पक्का करतो. बसणं आणि बिस्किट यांच्यामधली ती दोन-तीन सेकंदं क्लिक सांधतो.

सुरुवातीला हुकूम काहीच द्यायचा नाही. क्लिक करायचा आणि लगेच हरभऱ्याएवढा खाऊ द्यायचा. बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा पनीर चालतं. दहा-पंधरा वेळा असं झालं की क्लिक ऐकताच कुत्र्याची नजर हाताकडे वळते. मग खाऊ त्याच्या नाकाजवळ धरून हात सावकाश डोक्यावरून मागे न्यायचा. नाक वर जातं, ढुंगण खाली येतं. ते टेकलं रे टेकलं की क्लिक, आणि त्यानंतर खाऊ. थोड्या वेळाने हीच खूण रिकाम्या हाताने करायची. खुणेवर तो हमखास बसू लागला, की खुणेच्या आधी ‘बस’ म्हणायचं, तेही एकदाच. ‘थांब’ शिकवताना पहिला क्लिक एका सेकंदाला, मग तीन, मग पाच. क्लिकनंतर तो उठला तरी हरकत नाही, कारण काम तिथे संपलं. क्लिक चुकून झाला तरी खाऊ द्यायचाच. एका बैठकीला चार-पाच मिनिटं पुरतात.

दिवाळीत मात्र फराळाच्या डब्यातून बक्षीस काढू नये. चिवड्या-लाडवातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात आणि चॉकलेटही विषारी असतं. फटाक्यांनी बिथरलेल्या कुत्र्याला क्लिकरचा कडक आवाजही दचकवतो. तेव्हा क्लिकर रुमालात गुंडाळावा किंवा बॉलपेनची हलकी टकटक वापरावी.

या पद्धतीच्या मर्यादाही तिच्या जाणकारांनीच दाखवल्या. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी कोंबड्यांपासून डुकरांपर्यंत असंख्य प्राण्यांना कामं शिकवली. तरी १९६१च्या त्यांच्या निबंधातला रकून पेटीत नाणी टाकायची सोडून ती एकमेकांवर घासत बसतो आणि डुक्कर नाणं नाकाने उकरत राहतं. पशूची उपजत ओढ खाऊवरही मात करते. ससा दिसताच कारवानी कुत्रा ‘ये’ विसरतो, तो यामुळेच.

कुत्र्यांच्या मालकांपर्यंत हे तंत्र पोचलं ते डॉल्फिनच्या वाटेने. डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही. त्यामुळे हवाईतल्या ‘सी लाइफ पार्क’मध्ये डॉल्फिन-प्रशिक्षक कॅरन प्रायर शिट्टी आणि मासळी यांवर काम करत. पुढे १९८४च्या ‘डोन्ट शूट द डॉग’मधून त्यांनी हे तंत्र सामान्य वाचकांपुढे मांडलं आणि नव्वदच्या दशकात क्लिकर कुत्रेवाल्यांच्या खिशात आला. कंबोडियात एकूण ७१ भूसुरुंग हुडकणारा आणि २०२० साली सुवर्णपदक मिळवणारा मगावा नावाचा उंदीरही क्लिक आणि खाऊ यांवरच तयार झाला होता.

मग क्लिकरने कुत्रा लवकर शिकतो का? इटलीतल्या संशोधकांनी ५१ कुत्र्यांचे तीन गट केले: क्लिकर, तोंडी शब्द आणि नुसता खाऊ. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत लक्षणीय फरक दिसला नाही.

तरीही आम्ही प्रशिक्षक क्लिकर सोडत नाही, तो माणसांसाठी. बोट वेळेवर दाबायचं तर बोलणं थांबवून कुत्र्याकडे बघावंच लागतं. म्हणून पहिला सराव कुत्र्याविना होतो: एकाने चेंडू टाकायचा, तो जमिनीला लागताच बाकीच्यांनी क्लिक करायचा. चेंडू दोन टप्पे घेऊन घरंगळतो, तरी उशिराचे क्लिक वाजतच असतात.

‘बस’ पक्कं झालं की तिथे क्लिकर लागत नाही. शाब्बासकी आणि अधूनमधून खाऊ पुरतो. क्लिकर पुन्हा बाहेर निघतो नव्या धड्यासाठी, उदाहरणार्थ नखं कापायला. पंजाला हात लावू दिला, क्लिक. नेलकटर दिसूनही पाय मागे घेतला नाही, क्लिक. एक नख कापून झालं, क्लिक, आणि त्या दिवसापुरतं तेवढंच. आठवडाभर हे चाललं, तर पशुवैद्याच्या टेबलावर कुत्र्याला तिघांनी दाबून धरायची वेळ सहसा येत नाही.