जामखेडच्या वाटेवर

चौंडीला जायचं सासूबाईंच्या मनात कधीचं होतं. अहिल्याबाई होळकरांचं हे जन्मगाव, जामखेड तालुक्यातलं. १७२५ साली त्या इथंच जन्मल्या. आता जिल्ह्यालाही त्यांचंच नाव आहे, पण आमच्या तोंडी अजून 'नगर'च बसलंय!

सासूबाईंना बारा वर्षांपासून मधुमेह. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं पेन. त्यामुळे निघताना माझी पिशवी वेगळीच. रक्तातली साखर मोजायचं ग्लुकोमीटर, पट्ट्यांची डबी, बोट टोचायची सुई, साखरेची पुडी. "यात्रेला निघालोय की दवाखान्यात?" सासूबाईंनी टोमणा मारलाच. गडबडीत दशम्या मात्र करायच्या राहिल्या. चूक माझीच.

नगरहून जामखेड सुमारे पाऊणशे किलोमीटर. रस्ता मधेच बीड जिल्ह्यात शिरतो, कडा-आष्टी मागे टाकतो आणि पुन्हा आपल्या जिल्ह्यात येतो. दोन्ही बाजूंना ज्वारीची रानं, मधूनच उघडा माळ. "न्याहारी आष्टीला करू" म्हणून सासूबाईंनी निघतानाच इन्सुलिन घेतलं, आणि कड्याच्या अलीकडेच गाडी पंक्चर झाली! चाक बदलता बदलता तास गेला.

सासूबाई आधी चिडचिड करू लागल्या, मग गप्प झाल्या. कपाळावर घाम, हात थरथरत होते. हे म्हणाले, "काल लग्नात जिलबी खाल्लीय, साखर चढली असणार. दे आणखी थोडं इन्सुलिन." माझा हात पेनाकडे गेलाही होता. पण म्हटलं, आधी मोजू तर खरं. पट्टीला रक्ताचा थेंब लावला. काही सेकंदांत आकडा आला, ५४! साखर चढली नव्हती, घसरली होती. ७० च्या खाली गेली की ती कमीच. त्या वेळी इन्सुलिन दिलं असतं तर? आठवलं की अजून काटा येतो.

तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, ९२. "भूक लागलीय गं," सासूबाई म्हणाल्या, आणि आमचा जीव भांड्यात पडला. आष्टीला पोचताच त्यांना आधी पोटभर खाऊ घातलं. (माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काही घालू नये, तडक दवाखाना गाठावा.)

जामखेडला पोचल्यावर डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. १९७० साली या दुष्काळी भागात त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या बायका निवडल्या. कितीतरी जणींना अक्षरओळखही नव्हती. त्यांनाच बाळंतपण, लहान मुलांचे आजार, स्वच्छता शिकवली. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मनात आलं, त्या बायका एवढं शिकल्या, तर आपल्यासारख्या शिकलेल्यांनी घरातलं एवढंसं यंत्र का हाताळू नये?

चौंडीला दर्शन झालं. सासूबाईंनी सगळ्यांना पेढे वाटले आणि जेवणाआधी स्वतःच यंत्र मागून घेतलं. आकडा आला २६०! त्या घाबरल्या. मी म्हटलं, "आई, हात धुतलेत का?" बोटांना पेढ्याची साखर होती ना! साबणानं हात धुऊन, कोरडे करून मोजलं, तर १४८. दोघी हसत सुटलो.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात मधुमेहाचं माणूस असेल तर प्रवासात एवढं कराच. इन्सुलिन तापलेल्या गाडीत ठेवू नका, बर्फालाही थेट लावू नका. खायचं समोर आल्याशिवाय जेवणाआधीचं इन्सुलिन घेऊ देऊ नका. वेळ आणि मात्रा डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. आता दंडावर चिकटवायचे सेन्सरही मिळतात. ते दिवसरात्र साखर दाखवतात, पण खर्च बराच. साध्या यंत्रानंही पुष्कळ भागतं.

परतताना पिशवी कोणी धरली ठाऊक आहे? सासूबाईंनी! म्हणाल्या, "पुढच्या खेपेला दशम्या मीच करते."