पोटातली उतरंड

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी, गोणपाटावरच्या गंजक्या पान्यांच्या ढिगात एक पितळी स्क्रू ड्रायव्हर सापडला. अंगठ्याएवढी जाड मूठ, हात घसरू नये म्हणून तिच्यावर कोरलेली बारीक जाळी. टोकाचं बोंड फिरवलं तसे आटे सुटले आणि मुठीच्या पोटातून दुसरा स्क्रू ड्रायव्हर बाहेर आला. ते बोंड म्हणजे त्याचंच डोकं होतं. त्याच्या पोटात तिसरा, तिसऱ्याच्या पोटात चौथा, दाभणाएवढा.

मला उतरंड आठवली. मोठं मडकं तळाशी, त्यावर त्याहून लहान, टोकाला इवलंसं बोळकं. कारागिराने तीच उतरंड इथे आत रचली होती.

यात केवळ जागा वाचत नाही. बिजागरीचा स्क्रू पिळायला जोर लागतो; मूठ जाड असली की तो जोर मिळतो. चष्म्याच्या दांडीतल्या स्क्रूला तेवढा जोर लावला तर आटेच जातील. इथे पातं अरुंद होत जातं तशी मूठही बारीक होते. व्हावीच लागते, नाहीतर ती आत मावणार कशी? जागेच्या अडचणीनेच हाताचा जोर बेतात ठेवला आहे.

मूठ पितळेची, कारण पितळ लेथवर सहज कातलं जातं, आटे स्वच्छ पडतात आणि तांबडा गंज चढत नाही. पातं मात्र पोलादाचं. पितळेचं मऊ टोक खाचेत टिकत नाही.

अनेक पाती एकत्र ठेवायची दुसरीही रीत आहे. स्विस सैन्याने १८९१ च्या सुमारास खिशातला चाकू घेतला. १८८९ सालच्या त्यांच्या रायफलीचे भाग सोडवायला स्क्रू ड्रायव्हर लागे, म्हणून तोही त्या चाकूत आला. तिथे पाती शेजारीशेजारी मिटलेली. हवं ते थेट उघडावं. माझ्या उतरंडीत धाकट्याकडे जायचं तर थोरल्या तिघांना हात लावावा लागतो. मधला एक हरवला, तर आतल्याला घर उरत नाही.

चारही पाती चपटी. १९३० च्या दशकात अमेरिकेतून फुलीच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू पसरत गेला, आणि आज घरातल्या बऱ्याच स्क्रूंपुढे ही चौघं थांबतात. पण चष्मा सैल झाला की मी हाच काढतो. काम झालं की चौथा तिसऱ्यात, तिसरा दुसऱ्यात, दुसरा पहिल्यात. ज्या पिळाने स्क्रू बसला, त्याच पिळाने हत्यारही मिटतं. स्क्रूसाठी घडलेली ही वस्तू स्वतःही आट्यांवरच उभी आहे, हे दर वेळी बोटांना नव्याने कळतं.