मांजराची झोप

माझी भाची ब्रिस्बेनला जनावरांच्या अतिदक्षता विभागात काम करते, हे इथल्या नेहमीच्या मंडळींना ठाऊक आहेच. मी माणसांना भूल देतो, ती कुत्र्या-मांजरांना. त्यामुळे फोनवर घरच्या गप्पा पाच मिनिटं आणि औषधांच्या तासभर. (ताई, तू वैतागतेस ते माहीत आहे!)

यावेळी विषय होता एक मांजर. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर एक गोचीड असते. तिच्या लाळेतल्या विषाने जनावराचं अंग लुळं पडत जातं, शेवटी श्वासाचे स्नायूही थकतात. प्रतिविष देतात, पण आधीच आलेला लुळेपणा त्याने लगेच उतरत नाही. मग काही दिवस व्हेंटिलेटर. माणसाला समजावता येतं, त्याचा हात धरता येतो. घशात नळी घातलेल्या मांजराला काय समजावणार? त्याला झोपवूनच ठेवावं लागतं.

आणि खरी पंचाईत इथेच आहे. आमच्याकडे अशा वेळी हात आधी प्रोपोफॉलकडे जातो. एखाद्या ऑपरेशनपुरतं ते मांजरालाही चालतं. पण दिवसच्या दिवस चालू ठेवलं तर अंगाशी येतं. औषधाला ग्लुकुरोनाइड जोडून ते बाहेर काढायचं काम मांजराच्या यकृताला नीट जमत नाही, कारण त्यासाठीचं एक महत्त्वाचं एन्झाइम त्याच्यात चालतच नाही. (पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते ती याचमुळे. घरात मांजर असेल तर एवढं तरी लक्षात ठेवा.) त्यात मांजराचं हिमोग्लोबिनही नाजूक. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांजरांना लागोपाठ काही दिवस, रोज अर्धा तास प्रोपोफॉल दिलं होतं. त्यांच्या तांबड्या पेशींत हाइन्झ बॉडी म्हणतात तसे ठिपके वाढले, जाग यायला उशीर होऊ लागला, खाणं सुटलं.

मग दुसरं काय? आयसोफ्लुरेनने रक्तदाब घसरतो, शिवाय तो वायू खोलीतल्या माणसांच्याही नाकात जातो. पेंटोबार्बिटल साचतं, मग जागं व्हायला फार वेळ. केटामीन बरंचसं मूत्रपिंडावाटे जातं, म्हणजे म्हाताऱ्या मांजरात पुन्हा अडचण. भाची म्हणते, "मामा, एकावर सगळा भार टाकायचाच नाही." थोडं फेंटानिल, थोडं मिडाझोलाम आणि त्यावर लागेल तेवढं अल्फाक्सालोन. या शेवटच्या नावाने मला गंमत वाटली. हेच औषध पूर्वी दुसऱ्या द्रावणात घालून माणसांना द्यायचे. त्या द्रावणाच्या ॲलर्जीमुळे १९८४ मध्ये ते बंद झालं. आता द्रावण बदलून ते मांजरांच्या कामी येतंय.

पण मला झोप लागू दिली नाही ती वेगळ्याच गोष्टीने. लुळं पडलेलं मांजर हलत नाही, म्हणून औषध कमीच पुरतं. मात्र कमी म्हणजे किती? विषाने स्नायू गेलेत, शुद्ध नाही. नळी टोचत असेल, भीती वाटत असेल, तरी ते मिशीसुद्धा हलवणार नाही. डोळ्यांवरूनही कळत नाही, कारण त्या विषाने बाहुल्याही मोठ्या होतात. उरतात नाडी आणि रक्तदाब. रात्री दोन वाजता नाडी वाढली तर ती वेदना, ताप की नुसती भरलेली लघवीची पिशवी, हे एकट्याने ठरवायचं. भाची शंका आली की आधी मूत्राशय चाचपते, मग डोस वाढवते. मला ते पटलं.

व्हेंटिलेटरवरच्या मांजरांचे आकडे एरवी निराश करणारे आहेत. २००५ च्या एका अमेरिकन अभ्यासात ५३ पैकी जेमतेम १५ टक्के घरी गेली होती. पण त्यांतल्या बऱ्याच जणांची फुप्फुसंच खराब होती. गोचिडीच्या रुग्णाची फुप्फुसं चांगली असली तर आशा पुष्कळ जास्त. मालकीणबाईंना तिने हेच सांगितलं, आणि रोजचा खर्चही. त्या म्हणाल्या, अजून दोन दिवस.

काल रात्री मांजराने नळी चावली. भाचीने डोस उतरवायला सुरुवात केली आहे. पुढचं शनिवारी कळेल.