दिवाणखान्यातील समुद्र

रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची बारीक अक्षरांत लिहिलेली असते. आमच्या गावात समुद्राचा उल्लेख आढळण्याची ती एकच जागा. छत्रपती संभाजीनगर, काही वर्षांपूर्वीपर्यंतचे औरंगाबाद, आणि त्याच्याही आधीची खडकी! मलिक अंबरने १६१० साली खडकी नावाच्या खेड्याच्या जागी हे शहर वसविले. पुढे नावे बदलत गेली. पायाखालचा काळा खडक मात्र तोच राहिला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवालेल्या लाव्ह्याचा हा दगड. त्याच्यावर पडलेला पाऊस धड जिरत नाही नि धड साठतही नाही. म्हणूनच मलिक अंबरास जमिनीच्या पोटातून नहर काढून पाणी आणावे लागले, आणि अशाच एका नहरीच्या पाण्यावर चालण्यासाठी बांधलेली पाणचक्की पाहावयास प्रवासी आजही जातात. अशा या गावात, जेथे नळास पाणी येण्याचा वार एकादशीसारखा ध्यानात ठेवावा लागतो, तेथे मी घरात समुद्र आणावयाचे ठरविले.

या खुळाचे मूळ शोधू गेल्यास ते मुंबईस सापडेल. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले. लहानपणी वडिलांचे बोट धरून मी ते पाहिले होते, आणि त्या अंधाऱ्या दालनातील उजळलेल्या काचा पुढे कित्येक वर्षे माझ्या स्वप्नात येत. निवृत्तीनंतर हाती वेळ आणि थोडा पैसा आला, तेव्हा स्वप्नास मोजमापे फुटली: सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट उंच.

आमच्या मातोश्रींचे माहेर मालवणचे. लग्न होऊन मराठवाड्यात आल्यास त्यांस साठ वर्षे होऊन गेली. माझा बेत ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, "अरे, समुद्र म्हणजे वास, वारा नि आवाज. तुझ्या पेटीत यांतलं काय असणार आहे?" मजपाशी उत्तर नव्हते. मी म्हणालो, "मासे असतील." "मासे बाजारात पण असतात," असे म्हणून त्यांनी तो विषय आपल्यापुरता संपविला.

मापे कागदावर साधी दिसतात, पण हिशेब केला की छाती दडपते. तीस घनफूट म्हणजे साडेआठशे लिटर पाणी. पंधरा मिलिमीटर जाडीच्या काचेचेच वजन पावणेदोनशे किलो. त्यात दगड, वाळू, लोखंडी चौकट आणि खालची गाळण्याची टाकी धरली की भार बाराशे किलोंच्या पलीकडे जातो. वरच्या मजल्यावरील माझ्या अभ्यासिकेचा विचार तेथेच सुटला. दिवाणखान्यात सोफ्याची जागा पेटीस मिळाली आणि सोफा व्हरांड्यात गेला. पेटी आत आणावयास सहा माणसे लागली. त्यांतील एकाने घाम पुसत विचारले, "साहेब, यात मगर पाळणार काय?"

खरी अडचण पाण्याची होती. समुद्राचे पाणी टँकरने आणणे वेडेपणाचे. म्हणून गोडे पाणी अगदी निर्मळ करून त्यात समुद्री मीठ कालवावे लागते. एका लिटरास सुमारे पस्तीस ग्रॅम हे प्रमाण. साडेआठशे लिटरांस तीस किलो मीठ झाले. परंतु नळाचे पाणी निर्मळ करणारे यंत्र एक भाग शुद्ध पाणी देते तेव्हा तीन भाग पाणी मोरीवाटे सोडून देते. म्हणजे एक समुद्र भरावयाचा तर तीन समुद्र गटारात. २०२३ सालच्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. आमच्या भागात तेव्हा नळ आठवड्यातून एकदा येई. यंत्र सुरू करून मी समाधानाने उभा होतो, तोच शेजारच्या वहिनी दोन घागरी घेऊन आल्या. त्यांची टाकी कोरडी पडली होती. मोरीतून वाहणाऱ्या धारेकडे त्यांनी पाहिले, काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते! मी यंत्र बंद केले. दुसऱ्या दिवशी दोनशे लिटरांची तीन पिंपे आणली आणि टाकून द्यावयाचे सारे पाणी त्यांत धरले. ते पिण्यास योग्य नसले तरी कपडे, फरशी, झाडे आणि वहिनींच्या घागरी यांस पुरेसे होते. एका दिवसात भरणारी पेटी त्यामुळे पाच आठवड्यांत भरली. आजवर त्या घाईवाचून माझे काही अडलेले नाही.

पेटी भरली तरी मासे सोडता येत नाहीत, हे पुष्कळांस ठाऊक नसते. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया निघतो आणि बंद पाण्यात तोच त्यास मारतो. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतू दगडाच्या छिद्राछिद्रांतून वस्तीस यावे लागतात. या जंतूंचे कार्य सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास उलगडून दाखविले. त्यांस घाई करता येत नाही. चार ते सहा आठवडे पेटीत पाणी, दगड आणि प्रकाश यांपलीकडे काहीही नसते. मी रोज परीक्षानळीत पाण्याचा रंग पाहून वहीत नोंद करी. मोरे, कुलकर्णी, जोशी जो कोणी घरी येई तो काचेस नाक लावून "मासे कोठे आहेत?" असे विचारी. आमच्या सौभाग्यवती सांगत, "अजून मूर्तीची प्रतिष्ठा व्हायची आहे. सध्या गाभाऱ्याचीच पूजा चालली आहे."

दगडासंबंधीही एक मोह झाला होता. अजिंठ्याच्या पायथ्याशी विक्रेते पर्यटकांस आमच्याच खडकाच्या पोकळीतले पांढरे-हिरवे स्फटिक विकतात. तेच पेटीत मांडावे म्हणजे गावाची खूण राहील, असे मनात आले. पण जंतूंस घर हवे ते सच्छिद्र चुनखडीचे. आपला काळा दगड फार घट्ट! शेवटी कोरडे, पांढरे, चाळणीसारखे दगड विकत घेतले.

आता प्रवाळांची गोष्ट. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, ते प्रवाळ माझ्या पेटीत नाहीत, हे येथे कबूल करून टाकतो. प्रवाळ म्हणजे वनस्पती नव्हे आणि दगडही नव्हे. तो इवल्या प्राण्यांचा गाव असतो. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानास देते. पाणी नेहमीच्या कमालीहून एखाद-दोन अंशांनी काही आठवडे तापलेले राहिले की हा संसार मोडतो. शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरेफटक पडते. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ साली हेच झाले. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने मजला जिवंत प्रवाळाचा तुकडा देऊ केला. हिरवा, टोकांशी जांभळा, हाताच्या पंज्याएवढा. कागदपत्रांचे विचारताच तो हसला. आपल्या देशात भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांस २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस, स्थान आहे. हे मजला ठाऊक होते. तरीही ती पिशवी मी चांगली दहा मिनिटे हातात धरून उभा होतो, हेही सांगितले पाहिजे. मी ती परत केली त्यात कायद्याची भीती किती, आणि हा तुकडा माझ्या हातून उन्हाळा काढणार नाही ही खात्री किती, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.

रिकाम्या हाताने घरी आलो तेव्हा मातोश्रींनी आपले बोट पुढे केले. त्यावर मंगळासाठी घातलेली पोवळ्याची अंगठी होती. "हे घाल पेटीत," त्या म्हणाल्या. थट्टाच ती, पण त्या रात्री एका जुन्या ग्रंथाची आठवण झाली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये आपल्या पैठणचे नाव आहे. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवरील या पैठणहून अकीकासारखे दगड गाड्यांत घालून बिकट वाटांनी भडोच बंदरास जात, असे तो लिहितो; आणि भडोचास बाहेरून येणाऱ्या मालाच्या यादीत पोवळ्याचे नाव देतो. ते तांबडे पोवळे भूमध्य समुद्रातले. ज्या गाड्या दगड घेऊन उतरल्या त्याच परतताना पोवळे घेऊन घाट चढल्या असतील, अशी कल्पना करण्यास कोणाची हरकत नसावी. समुद्र पठारावर आणणारा मी काही पहिला नव्हे.

माशांत प्रथम आली ती नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशची जोडी. ही जात आता बंदिस्त पाण्यात वाढविता येते. मंडपमच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन केंद्राने तिच्या पैदाशीचे तंत्र बसविले आहे, त्यामुळे समुद्रातून ओरबाडून आणल्याचा सल नको. या माशांत सारे प्रथम नर असतात आणि घरातील मादी गेली की मोठा नर मादी होतो. हे ऐकून आमच्या सौभाग्यवती बराच वेळ मजकडे पाहत राहिल्या. त्यांच्यामागून एक गोबी आणि एक पिस्तूल-कोळंबी अशी जोडगोळी आली. ही कोळंबी जवळजवळ आंधळी. ती दिवसभर वाळूत बीळ खणते. गोबी बिळाच्या तोंडाशी पहाऱ्यास बसतो. कोळंबी बाहेर येताना आपली मिशी त्याच्या अंगास टेकवून ठेवते. धोका दिसताच गोबी शेपूट थरथरवितो आणि दोघे क्षणात आत. मातोश्री पेटीकडे प्रथम वळल्या त्या या जोडीसाठी. खुर्ची ओढून त्या तासतासभर बसू लागल्या. आमच्या कोरड्या हवेत पेटीतील सात-आठ लिटर पाणी रोज उडून जाते. मीठ मागेच राहते, म्हणून भर घालावयाची ती गोड्या पाण्याची. हे कामही त्यांनी आपणाकडे घेतले. "पाऊस पाडून येते," असे म्हणून त्या तांब्या उचलीत.

२०२४ च्या मे महिन्यात ती रात्र आली. जगातील प्रवाळांचे चौथे जागतिक विरंजन सुरू असल्याची बातमी आदल्याच महिन्यात वाचली होती. संध्याकाळी वळवाचे वादळ झाले आणि रात्री अकराच्या सुमारास वीज गेली. पंप थांबले, पाणी थंड राखणारे यंत्र थांबले. घरातील बॅटरीने तासाभरात मान टाकली. ती जुनी झाली आहे, बदलली पाहिजे, हे मी दिवाळीपासून म्हणत होतो. थांबलेल्या पाण्यातील प्राणवायू माशांस फार वेळ पुरत नाही आणि पाणी तापू लागले की तो आणखीच कमी होतो. अंधारात मजला ॲना थिन या बाईची आठवण झाली. १८४६ साली तिने इंग्लंडच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. पंप तेव्हा कोठला! तिची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून रोज पाऊण पाऊण तास ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतीत असे. मी पेटीवरील जाळीचे झाकण काढून बाजूस ठेवले, खिडक्या उघडल्या आणि तांब्याने पाणी उचलून उंचावरून परत सोडू लागलो. आम्ही पाळ्या लावल्या. मी, सौभाग्यवती, धाकटी मुलगी. आणि कोणी न बोलावता ऐंशी ओलांडलेल्या मातोश्री. त्यांची धार सर्वांहून सरळ पडे. मेणबत्तीच्या उजेडात साडेसहापर्यंत तो धबधबा चालला. दंड भरून आले. सव्वीस अंशांचे पाणी अठ्ठावीसवर गेले, त्यापुढे गेले नाही. सातला वीज आली. दोन्ही क्लाउनफिश जिवंत होते, आणि आम्ही लढाई जिंकल्यासारखा चहा घेतला.

गोबी सापडला तो केर काढताना, चौकटीच्या मागे, फरशीवर वाळून कडक झालेला. हे मासे घाबरले की पाण्याबाहेर उडी घेतात. जाळीचे झाकण असते ते त्यासाठीच. मजला हे ठाऊक होते. मी झाकण काढले तेव्हा ते एका बाजूनेच उघडता आले असते, इतके अगदी सोपे होते.

कोळंबी बाहेर येईना. बिळाचे तोंड ढासळले. सात-आठ दिवसांनी मी ती गेली असे धरून चाललो. नवा गोबी मिळेना. मिळाला असता तरी तो कोणासाठी आणावयाचा, असा प्रश्न होता. दगडांवर मात्र त्याच दिवसांत जांभळट गुलाबी ठिपके दिसू लागले. एक प्रकारचे चुनखडी शैवाल असते, ते कोणा गोगलगाईच्या शिंपल्यावर बसून आमच्या घरी आले असावे. मजला ते मोठे कौतुकाचे वाटले. मातोश्रींस वाटले नाही. त्या रोज संध्याकाळी पाऊस पाडीत आणि ढासळलेल्या बिळाशी लांब चिमट्याने अन्नाचा कण सोडून येत.

जूनमध्ये एके रात्री त्यांनी मजला हाक मारून उठविले. दिवाणखान्यातला दिवा त्यांनी लावला नव्हता. "थांब जरा," त्या म्हणाल्या. आम्ही दोघे अंधारात उभे राहिलो. पंपाच्या गुणगुणीतून, काचेवर नखाने टिचकी मारावी तसा स्पष्ट आवाज आला: टक्. ही कोळंबी आपला मोठा चिमटा इतक्या झपाट्याने मिटते की पाण्यात बुडबुडा होऊन फुटतो, आणि हा आवाज त्या बुडबुड्याचा असतो. मी तेच सांगावयास तोंड उघडले.

"गप्प," मातोश्री म्हणाल्या, "ऐकू दे."