नकार स्वतःच्या नावावर

दहावीचा निकाल लागला की दुचाकींच्या शोरूममध्ये एक दृश्य हमखास दिसतं. हार घातलेली स्कूटर, पेढ्यांचा बॉक्स, कौतुकानं पाहणारे आईवडील आणि किल्ली हातात घेऊन फोटोला उभा राहिलेला सोळा वर्षांचा मुलगा. गाडी वडिलांच्या नावावर, चालवणार मुलगा. क्लास लांब आहे, पुण्यातल्या पीएमपी बसचा भरवसा नाही, आईवडील दोघंही नोकरीला जातात. या अडचणी खऱ्या आहेत. पण सोळा ते अठरा या वयात कायद्यानं 50 सीसीपर्यंतचीच दुचाकी चालवता येते, तीही परवाना काढून. आणि रस्त्यावरच्या बहुतेक स्कूटर 110 किंवा 125 सीसीच्या असतात.

पुष्कळ घरांत आधी नकार दिलेला असतो, हेही खरं. पण तो कसा? ‘पोलीस पकडतील.’ ‘बाबांना कळलं तर बघ.’ हा नकार उसना असतो. मुलाला त्यातून एवढंच कळतं की अडचण पोलिसांची आहे. मग कुठल्या चौकात मामा उभे असतात आणि कुठल्या गल्लीतून त्यांना टाळता येतं, हे तो दोन दिवसांत शिकतो. 2019 साली मोटार वाहन कायदा कडक झाला. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते, मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ही तरतूद झाली ते योग्यच झालं. पण मुलाला नाही म्हणताना मी तीच पुढे केली, तर मी त्याला जपते आहे की स्वतःला?

माझ्या मुलानंही गाडी मागितली होती. ‘आई, फक्त क्लासपर्यंत. मेन रोडला जाणारच नाही.’ आजी त्याच्या बाजूनं. ‘एवढा जीव टाकतोय पोरगा, द्या की घेऊन.’ मी त्याला समोर बसवून सांगितलं, ‘पुढची बस अचानक थांबली, कुत्रं आडवं आलं, तर त्या क्षणी काय करायचं याची समज तुला अजून आलेली नाही, असं मला वाटतं. पोलीस असोत नाहीतर नसोत, मी गाडी देणार नाही.’ तो म्हणाला, ‘म्हणजे तुझा माझ्यावर विश्वासच नाही.’

या वाक्यापुढे आईबाप हरतात. मलाही पटकन उत्तर सुचलं नाही. मग म्हटलं, ‘माझा आहे रे. पण समोरून येणाऱ्या माणसानं तुझ्यावर विश्वास ठेवायचा, हे मी कशी ठरवणार?’

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांनी सांगितलं. जामीन देताना त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, यावर देशभर संताप उसळला. तो रास्तच होता. माझ्या मनात मात्र ते दोघंच राहिले. त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

आमच्या घरात पुढचे काही दिवस अबोला होता. तो सोसावा लागला. सोयही करावी लागली : सकाळी बाबा सोडायचे, संध्याकाळी मुलगा सायकलनं जायचा, पावसात मी ऑफिसातून लवकर निघायचे. नुसतं ‘नाही’ म्हणून आपण मोकळे झालो असतो, तर त्याची चिडचिड योग्यच ठरली असती.

आपल्या घरांत नकारांची वाण नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मुलीनं कॉलेजच्या शिबिराला जायचं म्हटलं, हॉस्टेलवर राहून शिकायचं म्हटलं, की किती ठामपणे नाही म्हणतो आपण! मुलाला आर्ट्सला जायचं असेल तरी तोच ठामपणा. ज्या मागण्या वाढत्या वयाच्या हक्काच्या, त्यांना अडवायचं. आणि जिथं जीव जाऊ शकतो तिथं ‘सगळ्यांकडे आहे’ एवढ्यावर विरघळायचं. धाक दाखवण्याची सवय आपल्याला आहे. मागणी नीट तपासून, कारण सांगून, ‘हे मी ठरवलंय’ म्हणण्याची नाही.

आता माझ्या मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाली आहेत. परवाना आहे, हेल्मेट आहे. परवा त्यानं विचारलं, जुलैत मित्रांबरोबर ताम्हिणीला जाऊ का, येताना रात्र होईल. या वेळी पुढे करायला माझ्याकडे कुठलंही कलम नाही. भर पावसातला, धुक्यातला घाट मला माहीत आहे. मी म्हटलं, पहाटे निघा, दुपारी घाट उतरा. रात्रीला माझं ‘नाही’ आहे. तो वाद घालतो आहे. मीही घालते आहे.